सैनिकाने बोलायचं नसतं, मग विचारायचं कोणी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: लढाई सुरू झाली की टीव्हीवर आरडाओरडा सुरू होतो, नेत्यांच्या फलकांवर जवानांचे फोटो येतात आणि कोणी साधी शंका काढली तरी "तू सैन्याच्या विरोधात आहेस का?" असं त्याला विचारलं जातं. ज्याला सैनिकांबद्दल मनापासून आदर आहे, पण सरकारला काही विचारायचंही आहे, अशा साध्या माणसाने गप्प बसावं की बोलावं? आणि बोलून उपयोग तरी काय?

मी पायदळातून सुभेदार म्हणून निवृत्त झालो आणि नंतर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात कल्याण संघटक म्हणून काम केलं. पलटणीत असताना आदेश पाळले, कार्यालयात असताना त्या आदेशांनंतर मागे राहिलेल्या घरांचे कागद हाताळले. त्या अनुभवावरून सांगतो: बोला. पण काय, कधी आणि कोणाला, हे समजून बोला.

आधी कायद्याचं सांगतो, कारण निम्मी गल्लत तिथेच होते. राज्यघटनेच्या ३३व्या कलमाने सैनिकांचे मूलभूत हक्क मर्यादित करायचा अधिकार संसदेला दिला आहे. त्यातून १९५० चा लष्कर कायदा आणि १९५४ चे लष्कर नियम आले. त्या नियमांनुसार जवानाने राजकीय सभेत भाग घ्यायचा नाही, परवानगीशिवाय संघटनेत जायचं नाही, परवानगीशिवाय वर्तमानपत्राशी बोलायचं नाही. मत तेवढं तो देऊ शकतो. पूर्वी टपालाने द्यायचा आणि मतपत्रिका बऱ्याचदा निकालानंतर पोचायची. २००३ पासून घरच्या माणसाला प्रतिनिधी नेमून मत देता येतं आणि २०१६ पासून मतपत्रिका इलेक्ट्रॉनिक पद्धतीने युनिटपर्यंत येते. बाकी राजकारणावर तोंड बंद.

हे बंधन मला कधी जाचक वाटलं नाही. शेजारी पाकिस्तानात १९५८, १९७७ आणि १९९९ मध्ये सेनापतींनी सत्ता हातात घेतली, त्याचे परिणाम आपण बघतोच आहोत. आपल्याकडे सेनादलांचं सर्वोच्च आधिपत्य ५३व्या कलमाने राष्ट्रपतींकडे आहे, प्रत्यक्ष निर्णय मंत्रिमंडळ घेतं आणि मंत्रिमंडळ संसदेला जबाबदार असतं. पण या व्यवस्थेत एक जागा मोकळी राहते. बूट निकृष्ट आले, चौकी भलत्या ठिकाणी बसवली, दारूगोळा कमी पडला, तर ज्याच्या जिवावर बेततं त्याला चारचौघांत ते सांगता येत नाही. तो वरिष्ठांना सांगेल, वरिष्ठ त्यांच्या वरिष्ठांना सांगतील आणि गोष्ट तिथेच थांबेल. म्हणून लोक जेव्हा "मी सैन्याचा आदर करतो, म्हणून प्रश्न विचारत नाही" असं म्हणतात, तेव्हा मला ते उलटं वाटतं. त्याच्या वतीने विचारू शकणारे तुम्हीच आहात.

लढाई चालू असताना संसदेत प्रश्न विचारले तर देश खचतो, असंही सांगितलं जातं. १९६२ चं उदाहरण बघा. ऑक्टोबरमध्ये चीनने हल्ला केला तेव्हा आपले जवान सुती कपडे आणि कॅनव्हासचे बूट घालून, जुन्या थ्री-नॉट-थ्री रायफली घेऊन हिमालयात उभे होते. तेव्हा राज्यसभेत असलेले तरुण अटलबिहारी वाजपेयी यांनी संसदेचं अधिवेशन लवकर बोलावण्याची मागणी केली आणि नेहरूंनी ती मान्य केली. ८ नोव्हेंबरला अधिवेशन सुरू झालं, त्या वेळी लढाई चालूच होती. बैठक गुप्त घ्यावी अशी सूचना आली होती, तीही नेहरूंनी नाकारली. सरकारवर भर सभागृहात टीका झाली. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन त्याआधीच स्वपक्षाच्याच दबावाने गेले होते आणि त्यांच्या जागी यशवंतराव चव्हाण आले. 'हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला' हे आपल्याला पाठ आहे, पण ती जागा रिकामी झाली ती प्रश्न विचारले गेले म्हणून, हे सहसा कोणी सांगत नाही. त्या प्रश्नांमुळे कुठली चौकी पडल्याचं मी तरी वाचलेलं नाही.

पुढचा योगायोग गमतीचा आहे. १९९९ मध्ये कारगिलच्या वेळी वाजपेयी स्वतः पंतप्रधान होते. एका मताने सरकार पडलेलं, लोकसभा बरखास्त झालेली. विरोधकांनी राज्यसभेचं खास अधिवेशन मागितलं, ते बोलावलं गेलं नाही. २०२५ च्या मे महिन्यात ऑपरेशन सिंदूर झालं आणि १० मेला लढाई थांबली. त्यावर संसदेत सविस्तर चर्चा झाली ती थेट जुलैच्या शेवटी. म्हणजे विरोधात असताना अधिवेशन हवं असतं आणि सत्तेत असताना ते नकोसं होतं. पक्ष कोणताही घ्या.

मात्र लढाई चालू असताना विचारू नयेत असेही प्रश्न आहेत, आणि नेमके तेच लोक सर्रास विचारतात. अमुक पलटण कुठे हलली, गाड्यांचा ताफा कुठल्या रस्त्याने गेला, विमानं कुठून उडाली. रेल्वे स्टेशनवर रणगाडे लादलेली गाडी दिसली की व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकायचा, ही आपली देशभक्ती. २६/११ ला वाहिन्यांनी कमांडोंची हालचाल थेट दाखवली, त्यावर सर्वोच्च न्यायालयाने २०१२ च्या कसाब खटल्याच्या निकालात कडक ताशेरे ओढले. २०१५ पासून दहशतवादविरोधी कारवाईचं थेट प्रक्षेपण करायला केबल टीव्हीच्या नियमांतच बंदी आहे. एवढं होऊनही मे २०२५ मध्ये काही वाहिन्यांनी एका रात्रीत कराची बंदर उद्ध्वस्त करून टाकलं. ती बातमी साफ खोटी होती.

अशी बातमी सैनिकाच्या घरात कशी पोचते, ते सांगतो. लढाईच्या दिवसांत जवानाचा फोन बंद असतो. घरी आई, बायको आणि मुलं टीव्हीसमोर बसलेली. 'मोठं नुकसान' अशी पट्टी सरकली की ते नुकसान कोणाचं, आपल्या माणसाच्या सेक्टरमध्ये का, हे विचारायला त्यांच्याकडे कोणी नसतं. मग आमच्या कार्यालयात फोन यायचे. आमच्याकडे तरी काय माहिती असणार? "अधिकृत निरोप आल्याशिवाय काहीही खरं मानू नका," एवढंच सांगायचो. तुम्ही एक खोटा व्हिडिओ पुढे पाठवला नाहीत, तरी अशा घराला झोप लागायला मदत होते.

लढाई सुरू असतानाही बेधडक विचारावेत असे प्रश्नही आहेत. कारवाईचं उद्दिष्ट काय? सीमेवरच्या गावांतून हलवलेल्या लोकांची सोय कुठे केली? आणि युद्धाच्या नावाखाली सरकारने जे जादा अधिकार घेतले, ते परत कधी जाणार? हा शेवटचा प्रश्न फार लोकांच्या डोक्यात येत नाही. १९६२ मध्ये २६ ऑक्टोबरला जाहीर झालेली आणीबाणी, चीनने २१ नोव्हेंबरला एकतर्फी युद्धबंदी केल्यावरही, १९६८ पर्यंत चालू राहिली. १९७१ च्या डिसेंबरमध्ये पाकिस्तान युद्धासाठी जाहीर केलेली आणीबाणी ९३,००० युद्धकैदी परत गेले, सिमला करार झाला, तरी उठली नाही. ती १९७७ च्या मार्चपर्यंत तशीच होती, आणि आपण जिला आणीबाणी म्हणतो ती १९७५ ची तिच्यावर दुसरी चढवलेली होती. लढाई दोन आठवड्यांची आणि अधिकार पाच वर्षांचे.

युद्ध कुठे थांबवायचं हा निर्णयही राजकीयच असतो. १९६५ मध्ये रक्त सांडून घेतलेली हाजीपीर खिंड ताश्कंद करारानंतर परत दिली. कारगिलमध्ये नियंत्रण रेषा ओलांडायची नाही असा सरकारचा आदेश होता. त्यामुळे समोरून, खालून वर, तोफांच्या तोंडी चढाई करावी लागली आणि ५२७ जवान गेले. त्याच आदेशामुळे जगाचं मत आपल्या बाजूला आलं, हेही तितकंच खरं. ही किंमत योग्य होती का यावर पलटणीतल्या माणसांतही दोन मतं ऐकलीत, आणि दोन्ही बाजूंचे लोक त्या डोंगरांवर चढलेले होते. तुम्हालाही मत असू द्या, पण ते योग्य दारात न्या. मे २०२५ मध्ये युद्धबंदीची घोषणा परराष्ट्र सचिवांनी केली म्हणून त्यांना आणि त्यांच्या घरच्यांना लोकांनी समाजमाध्यमांवर शिव्या घातल्या. निर्णय मंत्रिमंडळाचा, शिव्या तो वाचून दाखवणाऱ्या अधिकाऱ्याला! त्याच्या थोडं आधी पहलगाममध्ये नवरा गमावलेल्या एका तरुण मुलीने "कोणाचा द्वेष करू नका" म्हटलं, तर तिलाही सोडलं नाही. तिचा नवरा नौदलात अधिकारी होता. सैनिकाच्या नावाने गळा काढणारेच सैनिकाच्या बायकोवर तुटून पडले. यावर अधिक लिहीत नाही, रक्तदाब वाढतो.

लढाई थांबल्यावरचा मोठा प्रश्न म्हणजे चौकशी. इथे कारगिलच्या वेळच्या सरकारला श्रेय द्यायला हवं. २६ जुलैला युद्ध संपलं आणि २९ जुलैला के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. काही मजकूर गाळून का होईना, पण तिचा अहवाल २००० मध्ये संसदेत मांडला गेला आणि गुप्तवार्ता कुठे कमी पडल्या ते देशाला वाचता आलं. याउलट १९६२ च्या पराभवाचा हेंडरसन ब्रूक्स-भगत अहवाल कुठल्याच पक्षाच्या सरकारने अधिकृतपणे खुला केला नाही. त्यातला काही भाग २०१४ मध्ये एका परदेशी पत्रकाराने इंटरनेटवर टाकला. त्या लढाईत गेलेल्यांच्या नातवंडांना आपला आजोबा का मेला, हे परक्या माणसाकडून कळावं लागलं.

फोटोंबद्दल तुम्ही चिडून विचारलंय. जवानांचे फोटो प्रचारात वापरू नयेत, अशी सूचना निवडणूक आयोगाने २०१३ मध्ये पक्षांना दिली होती आणि मार्च २०१९ मध्ये पुन्हा बजावली. आचारसंहिता लागू असेल तर फलकाचा फोटो काढून आयोगाच्या सी-व्हिजिल ॲपवर तक्रार टाका. आमच्या महाराष्ट्रात तर मुंबईत कुलाब्याला 'आदर्श' नावाची एक आख्खी इमारत कारगिलच्या वीरांचं नाव पुढे करून उभी राहिली आणि २०१० मध्ये त्यापायी मुख्यमंत्र्यांना पद सोडावं लागलं. पुढे चौकशी आयोगाने ती जमीन कारगिलच्या वीरांसाठी राखीव नव्हतीच, असा निष्कर्ष काढला. मग त्यांचं नाव घ्यायचं कारण काय होतं, हे तुम्हीच ओळखा.

आता माझ्या टेबलावरची गोष्ट. राजकारण आणि सैनिक यांचा खरा संबंध मला तिथेच दिसला.

पूर्वी युद्धात पडलेल्या जवानाचे अंत्यसंस्कार बहुतेक वेळा रणभूमीजवळच व्हायचे. कारगिलपासून पार्थिव गावी आणायची पद्धत सरसकट रूढ झाली. त्यामुळे देशाने युद्धाची किंमत डोळ्यांनी पाहिली, हे चांगलंच झालं. पण त्याबरोबर मंत्री, आमदार, कॅमेरे आणि घोषणाही गावात आल्या. अंत्यसंस्काराच्या दिवशी जमीन, नोकरी, स्मारक असं बरंच काही जाहीर होतं. तेराव्यापर्यंत गर्दी टिकते. त्यानंतर सुरू होतं ते कागदांचं.

पहिला कागद मृत्यूच्या वर्गवारीचा. सैन्यात 'बॅटल कॅज्युअल्टी' आणि 'फिजिकल कॅज्युअल्टी' असे दोन रकाने असतात. शत्रूच्या कारवाईत गेला तर पहिला, आजाराने किंवा साध्या अपघाताने गेला तर सहसा दुसरा. पहिल्या रकान्यात नाव असेल तर पत्नीला उदारीकृत कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं, म्हणजे जवानाच्या शेवटच्या पगाराइतकी पूर्ण रक्कम. सेवेमुळे आलेला पण लढाईतला नसलेला मृत्यू असेल तर साठ टक्के. सेवेशी संबंध नाही असं ठरलं तर सुरुवातीची काही वर्षं वाढीव दर आणि नंतर तीस टक्के. गावाला सगळे शहीद सारखेच असतात, फलकावरही सारखेच दिसतात. पेन्शनच्या कागदावर मात्र त्यांच्यात एवढं अंतर पडतं आणि ते ठरतं कोर्ट ऑफ इन्क्वायरीच्या, म्हणजे सैन्याच्या अंतर्गत चौकशीच्या, अहवालावर. तो अहवाल बाईच्या हातात येतो तेव्हा तो इंग्रजीत असतो आणि ती सुतकातून जेमतेम बाहेर आलेली असते.

मग नावाच्या चुका. लग्नानंतर जवानाने पार्ट टू ऑर्डर, म्हणजे युनिटच्या कागदोपत्री बदलाची नोंद, लावून घेतलेली नसते, रेकॉर्डला बायकोचं नाव नसतं, किंवा सर्व्हिस रेकॉर्डमध्ये एक नाव आणि आधारवर दुसरं. विम्याला नॉमिनी लग्नाआधीचेच, म्हणजे आईवडील. इथे सासू-सून भांडतात आणि दोघींचंही बरोबर असतं. म्हाताऱ्यांचा मुलगा गेलेला असतो, पोरीचं आख्खं आयुष्य पुढे असतं. ही भांडणं सोडवण्यात माझा जितका वेळ गेला तितका कुठल्याच कामात गेला नाही. त्यात पूर्वी आणखी एक नियम होता: शौर्यपदकाचा मासिक भत्ता घेणारी विधवा दिराशी लग्न करणार असेल तर भत्ता चालू, बाहेर केलं तर बंद. ही अट काढायला २०१७ चा नोव्हेंबर उजाडला. इतकी वर्षं त्यासाठी एकही मोर्चा निघाल्याचं मला आठवत नाही.

जखमी होऊन जगलेल्यांकडे तर कॅमेरे फिरकतही नाहीत. अपंगत्वाची पेन्शन नाकारायची, जवानाने सशस्त्र दल न्यायाधिकरणात जिंकायचं, मग सरकारने वर अपील करायचं, असं वर्षानुवर्षं चाललं. भरती होताना नोंद नसलेला आजार सेवेत जडला तर तो सेवेमुळेच झाला असं सर्वसाधारणपणे धरावं, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये धरमवीर सिंग खटल्यात सांगितलं. तरी अपिलं थांबली नाहीत. जवानाचा फोटो लावून मतं मागायची आणि त्याच जवानाविरुद्ध सरकारी खर्चाने वकील उभा करायचा, यात त्या लोकांना काही विसंगती दिसत असेल असं वाटत नाही.

अजून दोन गोष्टी बऱ्याच लोकांना माहीत नसतात. सीआरपीएफ, बीएसएफ ही दलं गृहमंत्रालयाखाली येतात. २००४ नंतर तिथे भरती झालेल्यांना सैन्यासारखी जुनी पेन्शन लागू नाही, नवी योजना आहे. २०१९ मध्ये पुलवामात गेलेले ४० जवान सीआरपीएफचे होते. त्यांच्या नावाने मेणबत्त्या लावणाऱ्या किती जणांना हा फरक ठाऊक होता? दुसरी गोष्ट २०२२ च्या अग्निपथ योजनेची. चार वर्षांची नोकरी, त्यानंतर पंचवीस टक्क्यांपर्यंत कायम. अग्निवीर शत्रूच्या गोळीने गेला तर ४८ लाखांचा विमा, सानुग्रह मदत आणि उरलेल्या कार्यकाळाचा पगार मिळतो, पण नियमित जवानाच्या घरच्यांसारखी कुटुंब पेन्शन नाही. संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीने घरच्यांना नियमित जवानासारखेच लाभ द्यावेत अशी शिफारस केली होती. योजना चांगली की वाईट यावर वाद घाला, पण एकाच खंदकात शेजारी मेलेल्या दोघांच्या घरी वेगवेगळी रक्कम जाते, हे माहीत असू द्या.

"मी विचारून काय होणार?" याचं उत्तर ज्या समितीचं नाव घेतलं तिथेच सुरू होतं. तिचे अहवाल संसदेच्या संकेतस्थळावर कोणालाही वाचता येतात. २०१८ मध्ये लष्कराच्या उपप्रमुखांनी याच समितीसमोर सांगितलं की आपली ६८ टक्के साधनसामग्री जुनाट आहे. वर्दीतल्या माणसाला अधिकृतपणे खरं बोलायची जागा असते ती अशी. फेब्रुवारी २०२० मध्ये महालेखापरीक्षकांचा अहवाल संसदेत आला, त्यात सियाचीनसारख्या उंचीवरच्या जवानांसाठी बर्फाचे चष्मे, बूट आणि कपडे यांचा तुटवडा कसा झाला ते नोंदलं होतं. वर्तमानपत्रात तो एक-दोन दिवस गाजला आणि विरला. तुमच्या खासदाराने त्यावर एखादा प्रश्न विचारला का, ते लोकसभेच्या संकेतस्थळावर त्याचं नाव घालून शोधता येतं. २०२५-२६ चं संरक्षण अंदाजपत्रक सुमारे ६.८१ लाख कोटींचं होतं, त्यात सुमारे १.६१ लाख कोटी पेन्शनचे. एवढी मोठी रक्कम तुमच्याच करातून जाते, तेव्हा तिचा हिशोब मागायला संकोच कशाला?

माहितीचा अधिकारही वापरा. सीआरपीएफ, बीएसएफसारखी दलं त्या कायद्यातून बहुतांशी वगळलेली आहेत, पण लष्कर वगळलेलं नाही. युद्धाचे डावपेच मिळणार नाहीत, मिळूही नयेत. पण जाहीर झालेल्या मदतीपैकी किती दिली गेली, हे जिल्ह्याच्या पातळीवर विचारता येतं, आणि कोणीतरी विचारतंय एवढं कळलं तरी फाईल हलते, हे मी फाईलच्या पलीकडे बसून पाहिलंय. ७ डिसेंबरच्या ध्वजदिन निधीला जरूर द्या, तो पैसा आमच्याच खात्यामार्फत घरांपर्यंत जातो. त्याहून जास्त उपयोग होतो तो गावातल्या वीरपत्नीला अंत्यसंस्कारानंतर वर्षभराने भेटण्याचा. 'स्पर्श' या सैनिकी पेन्शनच्या ऑनलाइन पोर्टलवर पेन्शन सुरू झाली का, हयातीचा दाखला भरला का, मुलांची शैक्षणिक सवलत लागली का, घोषणेतली जमीन सातबाऱ्यावर आली का, एवढं विचारा. आली नसेल तर घोषणेचं वर्तमानपत्रातलं कात्रण आणि तारीख लिहून ठेवा. पुढच्या निवडणुकीत तोच नेता मतं मागायला आला की भाषण संपल्यावर त्याला गाठून तो कागद वाचून दाखवा. सैनिकाला जे करता येत नाही ते तुम्हाला येतं.